कारखान्यातले उमेदवार

१८३८ साली मुंबई गोदीतल्या वाडिया घराण्याचे दोन तरुण इंग्लंडला निघाले. एकाचे नाव जहांगीर नौरोजी, दुसऱ्याचे हिरजीभाई मेरवानजी. जहाजे बांधणे हा त्यांच्या घरचा धंदा. त्याआधी शंभर वर्षे लवजी नसरवानजी सुरतेहून मुंबईला आले, तेव्हापासून गोदीतला मुख्य कारागीर याच घरातला असे. मुलगा बापामागून गोदीत हिंडायचा, आधी वाकस धरायचा, मग रंधा, आणि मिशी फुटेपर्यंत सागवानाची फळी नुसती ठोकून तिचा दोष सांगू लागायचा. या शिक्षणाला ना शाळा लागत होती ना कुणाची परवानगी.

पण वाफेची बोट आली आणि घरात शिकवता येण्यासारखे होते ते अपुरे पडू लागले. म्हणून ही दोन मुले चॅथमच्या सरकारी गोदीत शिकायला गेली. अडीच वर्षे राहिली. तिथले नकाशे, लाकूडकाम, यंत्रे पाहिली, आणि पाहिलेले लिहून ठेवले. ही रोजनिशी १८४१ मध्ये लंडनला पुस्तकरूपाने छापली गेली. तिच्यात गोदीतल्या कामाबरोबर इतरही बरेच काही आहे. लंडनचे प्राणिसंग्रहालय पाहायला गेले असता त्यांच्या पारशी पोशाखाभोवतीच गर्दी जमली आणि आपण जनावरांइतकेच प्रेक्षणीय ठरलो, हे त्यांनी गमतीने नोंदवले आहे.

याच घरातला अर्देशीर खरशेटजी १८३९ मध्ये वाफेची यंत्रे शिकायला विलायतेला गेला. १८४१ साली तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. हा मान मिळवणारा तो पहिला भारतीय. परतल्यावर तो मुंबईच्या वाफयंत्र कारखान्याचा मुख्य अभियंता झाला आणि त्याच्या हाताखाली युरोपीय कारागीर आले. त्या काळात हे किती जणांच्या पचनी पडले असेल, याचा अंदाज करायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

आज अभियांत्रिकीचा विद्यार्थी चाकणच्या एखाद्या मोटार कारखान्यात सहा महिने ‘इंटर्नशिप’ करतो, त्याचे हे थेट पूर्वज. फरक एवढाच, की वाडियांच्या मुलांना गोदीचे दार घराण्याच्या नावावर उघडले होते. बाकीच्यांचे काय?

बाकीच्यांसाठी मराठीत एक शब्द होता: उमेदवार. फारसीतल्या ‘उमेद’वरून, म्हणजे आशेवरून आलेला. आज तो निवडणुकीच्या भिंतीवर जाऊन बसला असला, तरी एकोणिसाव्या शतकात उमेदवार म्हणजे कचेरीत बिनपगारी खर्डेघाशी करत जागा रिकामी होण्याची वाट पाहणारा पोरगा. मामलेदार कचेरीत असे उमेदवार वर्षानुवर्षे बसत. शिकता शिकता काम करायचे, की काम करता करता शिकायचे, आणि तोवर जेवायचे कुणाच्या जिवावर? हे तिन्ही प्रश्न तेव्हापासून या शब्दाला चिकटलेले आहेत. कारखाने आले तेव्हा शब्द तोच राहिला. सरकारी मराठीत ‘अप्रेंटिस’ला आजही ‘शिकाऊ उमेदवार’च म्हणतात.

याविषयीचा देशातला पहिला कायदा १८५० चा. तो अभियंत्यांसाठी नव्हताच. अनाथ आणि धर्मादायावर वाढणाऱ्या गरीब मुलांनी धंदा शिकावा, हा त्याचा मुख्य हेतू. दहा ते अठरा वर्षांच्या मुलाला बाप किंवा पालक एखाद्या कारागिराकडे जास्तीत जास्त सात वर्षांच्या कराराने बांधून देऊ शकत असे. मुलगा एकवीस वर्षांचा झाला की करार संपला. मुलीचा करार तिच्या लग्नाबरोबर संपे. शिकण्याची सुरुवात ‘बांधून’ घेण्यापासून झाली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

नंतरच्या दहा-बारा वर्षांत सगळेच बदलले. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. १८५४ मध्ये मुंबईत कावसजी दावर यांनी पहिल्या कापड गिरणीची जुळवाजुळव केली आणि त्याच वर्षी पुण्यात सार्वजनिक बांधकामासाठी दुय्यम अधिकारी घडवणारा अभियांत्रिकीचा वर्ग उघडला. त्याचेच पुढे कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग झाले. वर्ग, आगगाडी आणि गिरणी या तीन गोष्टी जवळपास एकदम आल्या. पण त्यांची एकमेकांशी ओळख व्हायला पुढची शंभर वर्षे गेली.

रेल्वेचे उदाहरण घ्या. ईस्ट इंडियन रेल्वेने १८६२ मध्ये बिहारात जमालपूरला मोठा कारखाना काढला. शेजारचे मुंगेर बंदुका बनवणाऱ्या कारागिरांचे गाव. लोखंडाशी खेळणारे हात तिथे पिढीजात होते. १८९९ मध्ये याच कारखान्यात ‘लेडी कर्झन’ नावाचे इंजिन तयार झाले. इंजिन बांधणारे बहुतेक हात देशी होते. पण रेल्वेच्या कारखान्यांत अप्रेंटिस म्हणून रीतसर घडवले जात ते बरेचसे युरोपीय आणि अँग्लो-इंडियन तरुण. देशी माणूस मजूर, मिस्त्री, फार तर मुकादम होई. त्याला इंजिन उघडता येत होते, पण इंजिनाचा नकाशा त्याच्यापुढे उघडला जात नव्हता.

हे कुलूप सैल झाले १९२७ मध्ये. त्या वर्षी जमालपुरात ‘स्पेशल क्लास अप्रेंटिस’ची पहिली तुकडी दाखल झाली. पुढे शाळा संपताच देशभरातून परीक्षेने निवडलेली मोजकी मुले चार वर्षे तिथे राहत. सकाळी कारखाना, मग वर्ग. हात तेलाने काळे आणि संध्याकाळी जेवणाच्या मेजावर साहेबी शिस्त. रेल्वेचे कितीतरी वरिष्ठ अधिकारी याच रांगेतून आले. गेल्या दशकात ही भरती बंद झाली. अठरा वर्षांच्या मुलाला चार वर्षे कारखान्याच्या आवारात मुरू देणारी दुसरी योजना रेल्वेला अजून सुचलेली नाही.

मुंबईच्या गिरण्यांत तर अप्रेंटिस हा शब्दही फारसा लागला नाही. रत्नागिरी-साताऱ्याकडून आलेला पोरगा गाववाल्याच्या खोलीत उतरायचा आणि त्याच्याच ओळखीने खात्यात शिरायचा. साळखात्यात काकाच्या साच्याशेजारी उभे राहून तुटलेला धागा कसा जोडायचा, धोटा कसा भरायचा हे पाहायचे. शिकवणीची फी नसे, पण जॉबरचा, म्हणजे खात्यातल्या मुकादमाचा, ‘खुशीचा’ वाटा असे. कारण कुणाला आत घ्यायचे आणि कुणाला गेटवरून परत पाठवायचे, हे त्याच्या हातात. पोरगा शिकला की ‘बदली’ व्हायचा, म्हणजे कायम कामगार गैरहजर असला तर त्याच्या जागी एक दिवस. रोज पाळीच्या वेळी गेटवर उभे राहायचे आणि नाव पुकारले जाईल या आशेवर थांबायचे. उमेदवारच तो, फक्त कचेरीतल्यासारखी सतरंजी त्याच्या वाट्याला नव्हती.

या गिरण्यांना शिकलेले देशी तंत्रज्ञ मिळावेत म्हणून १८८७ मध्ये भायखळ्याला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आजचे व्हीजेटीआय, उभे राहिले. त्याच्या इतिहासातला एक प्रसंग मराठी उद्योगाला वळण देणारा ठरला. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकला शिकायला मुंबईला आले होते. रंग ओळखण्यात डोळा चुकतो हे कळल्यावर त्यांनी यांत्रिक आरेखन धरले आणि या संस्थेत ते शिकवूही लागले. बढतीची वेळ आली तेव्हा ती त्यांना न मिळता एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला मिळाली. लक्ष्मणराव नोकरी सोडून बेळगावला गेले, सायकलींचे दुकान काढले, मग कडबा कापायची यंत्रे, मग लोखंडी नांगर.

१९१० मध्ये औंधच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ दिलेल्या निवडुंगाच्या माळावर त्यांनी कारखाना आणि वसाहत वसवली: किर्लोस्करवाडी. तिथे शिकवायला शाळा नव्हती आणि शिकायला पदवीधर नव्हते. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तिथे यंत्रांचे जाणकार झाले. आसपासच्या खेड्यांतली, नांगराचा फाळ आगीत घातलेला पाहत वाढलेली मुले साचेकाम आणि ओतकाम शिकली. लक्ष्मणराव स्वतः शिक्षक होते, आणि बढती नाकारली गेल्याची कळ त्यांना ठाऊक होती. कोणाची जात आणि कोणाचे प्रगतिपुस्तक पाहायचे नाही, ही तिथली रीत त्यातून आली असावी असे मानायला जागा आहे.

त्याहून विलक्षण प्रयोग मात्र तळेगाव दाभाड्याला झाला, आणि त्याची आठवण आपण अगदीच पुसून टाकली आहे. अंताजी दामोदर काळे नावाच्या गृहस्थांनी कल्पना काढली, की प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्या निधीतून देशी धंदे शिकवावेत. लोक हसले. काळे गावोगाव, जत्रेत, आगगाडीत डबा घेऊन फिरले. टिळकांनी पाठबळ दिले आणि १९०८ मध्ये तळेगावला ‘पैसा फंड’चा काचेचा कारखाना सुरू झाला. प्रमुख म्हणून ईश्वरदास वार्ष्णेय आले. ते मूळचे उत्तरेतले, पण काचेची विद्या त्यांनी जपान आणि अमेरिकेत जाऊन मिळवली होती.

हा कारखाना नफ्यासाठी नव्हता, मुले घडवण्यासाठी होता. इथे विद्यार्थी हाच मुख्य माल. वाळू, सोडा आणि चुना किती घ्यायचा, भट्टी कधी तापली म्हणायची, नळीच्या टोकाला लाल गोळा घेऊन कितपत फुंकायचे, हे पुस्तकात लिहून कळत नाही. पहिले शंभर कंदिलाचे गोळे फुटणारच. ते कोणाच्या खर्चाने फुटू द्यायचे, हाच तर उमेदवारीचा खरा प्रश्न. मालक म्हणतो माझ्या नाही. बाप म्हणतो माझ्याजवळ नाहीत. तळेगावात ते जनतेच्या पैशाने, शब्दशः एकेका पैशाने, फुटले. तिथे शिकलेली मुले पुढे देशभरातल्या काच कारखान्यांत गेली. वार्ष्णेय स्वतः संयुक्त प्रांतात बहजोईला गेले आणि त्यांनी तिथे काचेचा कारखाना उभा केला.

पोलादाच्या गावाने वेगळा मार्ग धरला. जमशेदपूरच्या कारखान्यात १९१२ मध्ये पहिले पोलाद निघाले तेव्हा भट्ट्यांवरचे जाणते लोक बहुतेक परदेशी होते. त्यांची जागा घेणारे तरुण आपणच तयार करावेत म्हणून कंपनीने १९२१ मध्ये तिथे तांत्रिक संस्था काढली. चार वर्षांनी, १९२५ च्या अखेरीस, फ्रान्समधून परतलेला मालकाच्या घरचा एक तरुण टाटा सन्समध्ये बिनपगारी उमेदवार म्हणून दाखल झाला आणि शिकायला जमशेदपूरलाही गेला. तो जे. आर. डी. टाटा. १९६२ मध्ये रतन टाटा त्याच गावी भट्टीपाशी चुनखडीचे फावडे मारत होते. या दोन्ही गोष्टी मोठ्या कौतुकाने सांगितल्या जातात आणि कौतुक रास्तही आहे. पण बिनपगारी उमेदवारी ज्याला परवडते त्याची गोष्ट वेगळी, आणि ज्याची आई मंगळसूत्र गहाण ठेवून खोलीभाडे भरते त्याची वेगळी. इतिहासाने दोघांनाही एकाच शब्दाने हाक मारावी, ही शब्दाची गरिबी.

‘विद्यार्थी’ आणि ‘अप्रेंटिस’ यांची सांगड घालण्याची युक्ती मात्र परदेशातली. १९०६ मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी २७ विद्यार्थ्यांना घेऊन अदलाबदलीचा क्रम सुरू केला: काही काळ वर्गात, काही काळ कारखान्यात, आणि कारखान्यातल्या दिवसांचा पगार. आपल्याकडे पिलानीच्या बिट्सने १९७३ मध्ये ‘प्रॅक्टिस स्कूल’ काढून कारखान्यातले काम पदवीचा भाग केले. तोवर बहुतेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत उन्हाळी सुट्टीत ‘इंडस्ट्रियल व्हिजिट’ची बस निघे. यंत्रे काचेपलीकडून पाहायची, कँटीनमध्ये जेवायचे आणि गेटवर गटाचा फोटो काढून परतायचे.

स्वतंत्र भारताने १९६१ मध्ये नवा अप्रेंटिस कायदा केला आणि १८५० चा जुना रद्द झाला. आता कारखानदाराच्या मर्जीवर काही सोडले नव्हते. ठरलेल्या धंद्यांत ठरलेल्या प्रमाणात उमेदवार घेणे बंधनकारक झाले आणि त्यांना विद्यावेतन ठरले. सुरुवातीला हा कायदा आयटीआयच्या फिटर-टर्नरांपुरता होता. १९७३ च्या दुरुस्तीने पदविका आणि पदवीवाले अभियंतेही त्यात आले. पण कायद्याची दोन कलमे प्रत्येक उमेदवाराला पाठ असत. कलम १८ सांगते, तू कामगार नाहीस, प्रशिक्षणार्थी आहेस. कलम २२ हे २०१४ च्या दुरुस्तीपर्यंत सांगत असे, शिकून झाल्यावर तुला नोकरी द्यायला मालक बांधलेला नाही. पैशावरून नाही, पण या दोन कलमांवरून कितीतरी आयुष्ये पुढे-मागे झाली. १९९५ मध्ये उत्तर प्रदेशच्या एस. टी. महामंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एवढा दिलासा दिला, की बाकी सगळे समान असेल तर शिकून तयार झालेल्या उमेदवाराला बाहेरच्यापेक्षा प्राधान्य द्यावे.

पिंपरी-चिंचवडचा काळ १९६१ च्या या कायद्यापाठोपाठच सुरू होतो. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे एमआयडीसी, स्थापन झाले. १९६६ च्या सुमारास सुमंत मुळगावकरांच्या नेतृत्वाखाली टाटांच्या टेल्को कंपनीने पुण्यात पाय रोवले. आधी यंत्रे बनवणारा विभाग आणि प्रशिक्षण, गाड्या नंतर. ज्यांच्याकडून ट्रक बांधून घ्यायचे ते हात आधी घडवायचे, हा क्रम आजच्या घाईत कुणाला परवडेल असे वाटत नाही.

त्या काळातल्या अप्रेंटिसची सुरुवात कानशीने व्हायची. लोखंडाचा एक ठोकळा, बाकावर घट्ट बसवलेला व्हाइस, आणि दिवसचे दिवस घासणे. काटकोन्या लावून उजेडाकडे धरायचे. फटीतून किरण दिसला की परत व्हाइसमध्ये. पहिल्या आठवड्यात तळहाताला फोड, दुसऱ्यात फुटलेले फोड, तिसऱ्यात घट्टे. लेथला हात लावायला मिळायचा तो त्यानंतर. सांगली, सोलापूर, बीडकडची पोरे कॉट बेसिसवर राहायची, खानावळीच्या कुपनांवर जेवायची आणि महिन्याच्या विद्यावेतनातून घरी मनीऑर्डरही करायची. आज निवृत्त झालेल्या या पिढीतल्या कुणालाही विचारा. पहिल्या प्रेमाविषयी तो मोघम बोलेल, पण पहिला जॉब किती मिलिमीटरने उणा भरला हे अचूक सांगेल.

ही सगळी ‘पोरे’च होती. १९७४ मध्ये बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी यांनी टेल्कोची जाहिरात वाचली. स्त्रियांनी अर्ज करू नयेत, अशी ओळ तिच्यात होती. त्यांनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड टाकले. मुलाखतीचे बोलावणे आले, पुण्याला मुलाखत झाली आणि त्या कंपनीच्या कारखान्यातल्या पहिल्या महिला अभियंता झाल्या. त्याच आता सुधा मूर्ती. अडथळा एका जाहिरातीपुरता नव्हता. १९४८ च्या कारखाने कायद्याने संध्याकाळी सातनंतर सकाळी सहापर्यंत स्त्रियांना कारखान्यात कामाला ठेवण्यास मनाई होती. तीन पाळ्यांत चालणाऱ्या शॉपमध्ये मुलीला उमेदवार घेणे म्हणजे वेळापत्रकाची अडचण, असे सोयीचे उत्तर तयार होते. आज त्याच पट्ट्यात सेफ्टी शूज घातलेल्या मुली मोटारींच्या जुळणीवर उभ्या दिसतात.

२०१८ च्या नमुना अभ्यासक्रमात एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेने अभियांत्रिकीच्या पदवीसाठी ६०० ते ७०० तासांची इंटर्नशिप धरली. २०१९ च्या नियमांनी ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के उमेदवार घेणे बंधनकारक केले आणि किमान विद्यावेतन शिक्षणाप्रमाणे ५ ते ९ हजार रुपये ठरले. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने सहा महिन्यांची युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली: बारावीला महिना ६ हजार, आयटीआय-पदविकेला ८, पदवीधराला १०. आकडे वाढले, दारेही वाढली. पण आत गेल्यावर काय, हा प्रश्न वाढीव आकड्यांनी सुटत नाही. काही ठिकाणी विद्यार्थ्याला खरोखर समस्या देतात: या स्टेशनवर जुळणीला चाळीस सेकंद जास्त का लागतात, शोधून काढ. काही ठिकाणी त्याला एक्सेलच्या रकान्यात जुने आकडे भरायला बसवतात. काही ठिकाणी तो कायम कामगाराचेच काम करतो, फक्त हजेरीपटात नसतो. आणि करोनाच्या वर्षी तर मुलांनी घरी बसून पडद्यावर लेथ पाहिला. त्याचेही प्रमाणपत्र मिळाले.

या सगळ्यांत एक गोष्ट पावणेदोनशेहून अधिक वर्षांपूर्वीसारखीच आहे. उमेदवार वही लिहितो. आज कॉलेज तिला ‘इंटर्नशिप डायरी’ म्हणते आणि मुले ती सादर करण्याच्या आदल्या रात्री भरतात. पण साठ-सत्तरच्या दशकातल्या अप्रेंटिसांच्या वह्या पाहिल्या तर त्यांत जॉबचे हाताने काढलेले नकाशे, मापे, फोरमनचे लाल शेरे, मागच्या पानावर खानावळीचा हिशोब, कुठे युनियनच्या सभेची तारीख, असे सगळे सापडते. वाडियांच्या दोन मुलांची रोजनिशी छापली गेली म्हणून चॅथमची गोदी एका मुंबईकराच्या नजरेतून आपल्याला दिसते. गिरणीतल्या बदलीने, तळेगावच्या भट्टीवरच्या पोराने, पिंपरीच्या फिटरने काय पाहिले ते अशाच वह्यांतून कळणार. मोडी कागद जपायची सवय महाराष्ट्राला आहे. कारखान्यातला कागद मात्र आपण रद्दीच्या भावात विकतो. तुमच्या घरी माळ्यावर वडिलांची किंवा आजोबांची अशी वही, जुना गेटपास, कारखान्याच्या शिक्क्याचे विद्यावेतनाचे पाकीट असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत ते बाजूला काढून ठेवा. आणि ज्याचे आहे तो माणूस हयात असेल, तर त्याच्यासमोर वही उघडून विचारा, हा पहिला जॉब किती दिवसांत पास झाला होता.